चित्रं उरतात, वेळ हरवते

स्क्रीन रेकॉर्डिंग चालू असताना फोन बंद पडला, की नंतर गॅलरीत एक विचित्र फाइल सापडते. आकार बघावा तर चांगला दीड जीबी. लांबी बघावी तर ००:००. थंबनेलच्या जागी राखाडी चौकोन. उघडायला गेलं की फोन म्हणतो, ही फाइल चालवता येत नाही. ती कॉम्प्युटरवर नेऊन थोडं खोलात शिरलं तर ‘मूव्ह अ‍ॅटम नॉट फाउंड’ असं एक वाक्य भेटतं आणि बहुतेक जण तिथेच हात टेकतात.

आपण म्हणतो, फाइल करप्ट झाली. या शब्दामुळे वाटतं की आत काहीतरी सडलंय, मोडलंय. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. तो दीड जीबीचा आकार खोटा नसतो. चित्रं आत आहेत, आवाज आत आहे. नसते ती फक्त एक छोटीशी यादी. फाइलमध्ये कुठलं चित्र कुठे ठेवलंय आणि ते नेमकं कधी दाखवायचं, एवढंच त्या यादीत लिहिलेलं असतं. दीड जीबीच्या फाइलमध्ये ही यादी एखाद-दोन एमबीची. ती नाही म्हणून बाकी सगळं असून नसल्यासारखं.

मी व्हिडिओ एडिटिंगचं काम करते. त्यामुळे ओळखीतले लोक अशा फाइली माझ्याकडे घेऊन येतात. ऑनलाइन क्लासच्या, गेम खेळतानाच्या, कुणाच्या तरी लाइव्हच्या. बऱ्याच परत मिळतात. त्यासाठी लागणारी साधनं फुकट आहेत आणि ती चालवायला फार अक्कल लागते असंही नाही. पण मागच्या वर्षी एक फाइल अशी आली, की ती दुरुस्त ‘झाल्यावर’च खरा प्रश्न सुरू झाला. तिच्याकडे येतेच. आधी थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण त्या फाइलमधून नक्की काय गेलं होतं हे मला स्वतःलाही त्या इतिहासातूनच कळलं.

सिनेमाच्या फिल्मला ही अडचण कधी आली नाही. रीळ अर्धं जळालं तरी उरलेलं अर्धं उजेडात धरून बघता येतं. कुठल्या चित्रानंतर कुठलं, हे फितीतच ठरलेलं असतं. व्हिडिओ म्हणजे मात्र चित्र नव्हे, चित्राचा सिग्नल. एका तारेतून एकामागून एक येणारे उजेड-अंधाराचे चढउतार. त्यांचं पुन्हा चित्र व्हायचं असेल तर एक ओळ कुठे संपली आणि पुढची कुठे सुरू झाली, हे यंत्राला अचूक कळावं लागतं. फिल्ममध्ये वेळ चुकली तर माणसं भराभर किंवा रेंगाळत चालतात. व्हिडिओत वेळ चुकली तर माणूसच दिसत नाही.

हा धडा पहिल्यांदा ज्याला मिळाला तो जॉन लोगी बेअर्ड. हा स्कॉटिश गृहस्थ १९२०च्या दशकात लंडनमध्ये टेलिव्हिजनच्या मागे लागला होता. त्याचा टेलिव्हिजन अवघ्या ३० ओळींचा होता. त्यातून निघणारा सिग्नल इतका साधा होता, की तो गाण्याच्या तबकडीवर आवाजासारखा कोरता येईल असं त्याच्या लक्षात आलं. त्याने तसं केलं आणि त्याला ‘फोनोव्हिजन’ असं नाव दिलं. २० सप्टेंबर १९२७ या तारखेची त्याची एक तबकडी आजही आहे. तिच्यावर माणूस नाही, ‘स्टूकी बिल’ नावाच्या बोलक्या बाहुल्याचं डोकं आहे. आपल्या अर्धवटरावाचा विलायती भाऊबंदच म्हणा. दिव्यांची धग माणसाला सोसवत नसे म्हणून बेअर्ड बाहुला बसवायचा.

बेअर्डला वेळेचं महत्त्व कळत नव्हतं असं अजिबात नाही. त्याने कॅमेऱ्याची फिरती चकती आणि तबकडी कोरणारं यंत्र एकमेकांना यांत्रिकपणे जोडूनच टाकलं होतं. तबकडीच्या एका फेरीत बरोबर तीन चित्रं. म्हणजे वेळ वेगळी लिहायची गरजच नाही, ती फिरण्यातच आली. तरीही त्या तबकड्या वाजवून धड चित्र काही त्याला मिळालं नाही आणि तो नाद त्याने सोडला. पन्नासहून अधिक वर्षांनी, १९८०च्या दशकात, डोनाल्ड मॅक्लीन नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने या तबकड्यांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेतला आणि तो ओळी-ओळीने तपासायला सुरुवात केली. सिग्नल होता, चित्रही त्यात होतं. डळमळीत होतं ते ओळींचं वेळापत्रक. त्या जोडणीतल्या हादऱ्यांमुळे प्रत्येक ओळ जरा पुढे-मागे सरकत होती. मॅक्लीनने एकेक ओळ पकडून जागेवर बसवली आणि स्टूकी बिलचा चेहरा दिसायला लागला. बेअर्डला गाठून चाळीसेक वर्षं झाली होती. त्याने जे कोरलं ते त्याने स्वतः कधी नीट पाहिलं नाही.

मॅक्लीनच्या हाती पुढे आणखी एक तबकडी आली. ती मला जास्त जवळची वाटते. १९३२ ते १९३५ या काळात बीबीसी बेअर्डच्या ३० ओळींच्या पद्धतीने कार्यक्रम दाखवत असे. १९३३च्या एप्रिलमध्ये ‘लुकिंग इन’ नावाचा नाचगाण्याचा कार्यक्रम झाला. कुणीतरी घरी बसून, बाजारात मिळणाऱ्या घरगुती ध्वनिमुद्रकावर, अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीवर तो सिग्नल उतरवून घेतला. बीबीसीने नव्हे, बेअर्डने नव्हे; एका प्रेक्षकाने. त्या काळातल्या प्रक्षेपणाची हलती झलक आज आपल्याला दिसते ती या तबकडीमुळे. समोर जे चाललंय ते पुन्हा मिळणार नाही असं वाटून बटण दाबणारा तो माणूस आणि लाइव्ह चालू असताना वरून पट्टी खाली ओढून रेकॉर्डवर टॅप करणारे तुम्ही-आम्ही, एकाच घराण्यातले.

स्क्रीनवरून घेतलेल्या नकलेला आपण कमी लेखतो. मूळ कुठेतरी असेलच, ही तर नुसती कॉपी. पण चंद्रावरच्या पहिल्या पावलाचा जो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय, तोही अशीच नक्कल आहे. जुलै १९६९मध्ये चंद्रावरचा कॅमेरा सेकंदाला १० चित्रं आणि ३२० ओळी पाठवत होता. अमेरिकन टीव्हीला लागायची ३० चित्रं आणि ५२५ ओळी. हा फरक मिटवायला जमिनीवरच्या केंद्रात उपाय काय केला? चंद्रावरून आलेलं चित्र एका मॉनिटरवर लावलं आणि त्याच्यासमोर दुसरा टीव्ही कॅमेरा ठेवला. जगाने पाहिलं ते त्या दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपलेलं. मूळ सिग्नल वेगळ्या टेपांवर उतरवला होता. नासाने नंतर त्यांचा शोध घेतला आणि २००९ साली निष्कर्ष काढला, की त्या टेपा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. मग उरलेल्या टीव्हीच्या नकला गोळा करून लाउरी डिजिटल या कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडून त्या साफ करून घेतल्या. ही कंपनी त्याच्या आदल्याच वर्षी अनिल अंबानींच्या रिलायन्स समूहाने विकत घेतली होती, हे जाता जाता.

आता खिशातल्या फोनकडे येऊ. त्याच्यातली मूव्ह नावाची ती यादी कुठून आली?

१९९१च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅपलने मॅकिंटॉशसाठी क्विकटाइम बाजारात आणलं. वेगळं काही यंत्र न जोडता कॉम्प्युटरवर व्हिडिओ दिसायला लागला. तो पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसायचा म्हणून लोक हसायचे, पण क्विकटाइमची खरी करामत त्या चित्रात नव्हती, फाइलच्या रचनेत होती. तिचे दोन भाग केले होते. एकात चित्रं आणि आवाजाचा कच्चा माल, दुसऱ्यात त्या मालाची यादी. यादीचं नाव मूव्ह, मालाचं एमडॅट. जुन्या मॅकवर प्रत्येक फाइलला दोन कप्पे असायचे, त्यामुळे सुरुवातीला यादी एका कप्प्यात आणि माल दुसऱ्या कप्प्यात राहायचा. विंडोजच्या फाइलला असा दुसरा कप्पा नसतो. तिथे न्यायचं तर दोन्ही एका कप्प्यात सपाट करून घ्यावं लागे. ते न करता फाइल पाठवली, तर समोरच्याला नुसता माल पोचायचा. यादीविना व्हिडिओ ही तक्रार तुमच्या-माझ्या फोनपेक्षा जुनी आहे.

ही रचना का केली असेल हे एडिटिंग करणाऱ्याला लगेच कळतं. मधला एक तुकडा काढून टाकायचा असेल तर मालाला हात लावायची गरज नाही, यादीतली नोंद खोडली की झालं. त्या काळातल्या मंद डिस्कवर हे वरदान होतं. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की एमपीफोर हा मूर्खपणाने बनवलेला प्रकार आहे, तेव्हा मला ते पटत नाही. तो हुशारीने बनवलेला आहे, फक्त वेगळ्या कामासाठी. एडिट करणाऱ्यासाठी. रेकॉर्डिंग चालू असताना वीज जाईल, अशा माणसासाठी नव्हे.

दुसरे रस्ते तेव्हाही होते. मायक्रोसॉफ्टने १९९२मध्ये एव्हीआय आणलं. त्याचीही यादी शेवटीच असे, पण मालातल्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर चिठ्ठी असायची: मी चित्र आहे, माझी लांबी इतकी. यादी गेली तरी चिठ्ठ्या वाचत वाचत ती पुन्हा बनवता येई. टीव्ही प्रक्षेपणवाल्यांचा विचार तर पूर्णच वेगळा होता. प्रेक्षक कधीही मध्येच चॅनेल लावणार, त्याला सुरुवात-शेवट कुठून असणार? म्हणून १९९०च्या दशकात त्यांनी जे एमपेग-२ ट्रान्सपोर्ट स्ट्रीम ठरवलं, त्यात सगळं १८८ बाइटच्या छोट्या पुड्यांत बांधलं. प्रत्येक पुडीच्या सुरुवातीला ठरलेली खूण, आणि प्रवाहात थोड्या थोड्या वेळाने घड्याळाची वेळही पेरलेली. आजही घरच्या डिशवर येतं ते याच घराण्यातलं. पाऊस आला की चित्राचे चौकोन होतात आणि पाऊस थांबला की ते आपोआप सावरतं, ते यामुळे. पाऊस आला म्हणून आख्खी मॅच ००:०० झाली असं कधी होत नाही.

पण फोनमध्ये आलं ते क्विकटाइमचं घराणं. फेब्रुवारी १९९८मध्ये एमपेग-४ च्या फाइलसाठी क्विकटाइमची रचना पाया म्हणून स्वीकारली गेली. २००१मध्ये तिचं पहिलं रूप प्रमाण म्हणून छापलं गेलं, २००३मध्ये आजचं एमपीफोर आलं. त्याच २००३मध्ये एच २६४ ही चित्र दाबून लहान करण्याची पद्धत ठरली. ती एमपीफोरमध्ये भरताना आणखी एक गोष्ट यादीच्या कप्प्यात गेली. चित्र किती रुंद, किती उंच, कुठल्या नियमाने दाबलेलं, ही सगळी किल्लीही सहसा मूव्हमध्येच ठेवली जाते. आवाजाची स्थिती तर त्याहून बिकट. चित्राच्या तुकड्यापुढे निदान त्याची लांबी लिहिलेली असते. एएसी आवाजाच्या तुकड्यापुढे तीही नसते. कुठे संपतो ते यादीलाच माहीत.

आणि यादी लिहिली जाते सगळ्यात शेवटी. दुसरं काही करणंही सोपं नाही. रेकॉर्डिंग किती वेळ चालेल हे आधी माहीत नसतं, म्हणून सुरुवातीला यादीसाठी किती जागा सोडायची तेही माहीत नसतं. पुस्तकाची अनुक्रमणिका पानं लागल्यावरच तयार होते, तसंच हे. तुम्ही लाल बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवता त्या क्षणी फोन ती यादी लिहितो आणि फाइल पुरी होते. बॅटरी संपली, स्टोरेज भरलं, अ‍ॅप बंद पडलं, तर तो क्षण येतच नाही.

आतापर्यंत जे सांगितलं ते कॅमेऱ्याने काढलेल्या व्हिडिओलाही लागू आहे. स्क्रीन रेकॉर्डिंगचं दुखणं एक पायरी पुढचं. फोनच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग ही तशी अलीकडची सोय. अँड्रॉइडमध्ये २०१३ साली ती कॉम्प्युटरला जोडून कमांड देणाऱ्यांपुरती आली, तीही तीन मिनिटांच्या मर्यादेत. २०१४मध्ये अ‍ॅपवाल्यांना दार उघडलं. आयफोनमध्ये २०१७ला आणि अँड्रॉइडच्या पट्टीत २०२०ला बटण आलं, म्हणजे बरोबर लॉकडाउनच्या वर्षी. कॅमेरा सहसा ठरलेल्या तालावर चित्रं घेतो, सेकंदाला ३० तर ३०. फोनचे स्क्रीन रेकॉर्डर बहुतेक तसं करत नाहीत. स्क्रीनवर काही हललं तर नवीन चित्र, नाही हललं तर नाही. तुम्ही एखादा मेसेज पाच सेकंद वाचत बसलात, तर त्या पाच सेकंदांसाठी कदाचित एकच चित्र असतं, आणि ‘हे पाच सेकंद धरून ठेव’ ही सूचना. ती सूचना कुठे? यादीत.

म्हणजे कॅमेऱ्याच्या फाइलची यादी गेली तर वेळ निदान अंदाजाने परत आणता येते, ताल ठाऊक असतो. स्क्रीन रेकॉर्डिंगची यादी गेली तर ताल असा नव्हताच. चित्रं सगळी हाती लागतात, पण त्यांच्यामधल्या जागा नाहीशा झालेल्या असतात.

आता ती फाइल. माझ्या मैत्रिणीची आत्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात राहायच्या. शेतात राबलेली बाई, शाळा चौथीपर्यंत. पण त्यांना जात्यावरच्या ओव्या येत होत्या, आणि नुसत्या पाठ नव्हत्या. आठवतील तशा त्या जोडायच्या, माणसं बघून नावं बदलायच्या. जात्यावरच्या ओव्यांचं मोठं काम आपल्याकडे झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या चमूने खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या आज पारीच्या संकेतस्थळावर आहेत. पण त्यांच्या गावी तसं कुणी पोचलं नव्हतं. २०२०च्या पावसाळ्यात, सगळे घरात अडकलेले असताना, त्यांच्या नातवाने हौसेने त्यांना फोनसमोर बसवलं आणि लाइव्ह केलं. बघणारे सगळे घरचेच, पंधरा-वीस जण. माझी मैत्रीण पुण्यात होती. तिने आपल्या फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग लावलं. सदतीस-अडतीस मिनिटांनी तिचा फोन बॅटरी संपून बंद पडला. तिकडे लाइव्ह संपल्यावर नातवाने ते सेव्ह न करता काढून टाकलं. पुढच्या आठवड्यात परत करू, आज्जी काय पळून चाललीय, असं तो म्हणाला होता म्हणे. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत आत्या गेल्या.

मैत्रिणीने ती फाइल चार वर्षं तशीच ठेवली होती. १.६ जीबी, ००:००. रेकॉर्डर अ‍ॅपने ती अर्धवट म्हणून पुसली नव्हती आणि तिने ती ‘फ्री रिपेअर’ म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवर चढवली नव्हती, ही दोन्ही नशिबाचीच गोष्ट. तिचा तो फोनही कपाटात होता. चालू होत होता. हे फार महत्त्वाचं ठरलं.

कारण यादी नसलेली फाइल दुरुस्त करायची म्हणजे दुसऱ्याची यादी उसनी आणायची असते. त्याच फोनवर, त्याच अ‍ॅपमध्ये, त्याच सेटिंगवर दोन-चार मिनिटांचं नवीन रेकॉर्डिंग करायचं आणि ते नीट बंद करायचं. ही झाली धडधाकट बहीण. इटलीतल्या फेडेरिको पोंकिओ या संगणकतज्ज्ञाने अनट्रंक नावाचं एक साधन लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलंय. ते या धडधाकट फाइलमधून किल्ली घेतं आणि तुटक्या फाइलच्या मालात पहिल्या बाइटपासून चाचपडत जातं. हा तुकडा चित्राचा दिसतोय, याची लांबी इतकी. हा आवाजाचा असावा, उलगडून बघू कुठे संपतो ते. असं करत नवीन यादी बनवतं. नवीन रेकॉर्डिंग करायच्या आधी जुनी फाइल फोनमधून दोन ठिकाणी कॉपी करून घेतली, आणि मग मूळ फाइलला हातच लावला नाही. एवढं पथ्य पाळलं की बाकी प्रयोग कितीही फसले तरी चालतात.

पाऊण तासात आत्यांचा आवाज आला. सदतीस मिनिटं, शेवटचे काही सेकंद सोडून सगळा. मैत्रीण शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही.

चित्रही आलं. सुमारे ४८ हजार फ्रेम. पण ते सव्वीस मिनिटं चाळीस सेकंदांतच संपलं. आत्यांचे ओठ आवाजाच्या पुढे पळत होते, सुरुवातीला थोडे, मग जास्त. विसाव्या मिनिटाला त्या मनाशी हसत होत्या आणि आवाजात कुणाचं तरी नाव आठवत होत्या. सेकंदाला ३० चित्रं असं धरून साधनाने ती एकामागून एक रचली होती. त्याचा दोष नाही. गावातलं नेट मधूनमधून अडकायचं, तेव्हा आवाज चालू राहायचा आणि चित्र गोठायचं. गोठलेल्या वेळात रेकॉर्डरने नवीन चित्रं लिहिलीच नव्हती. साडेदहा मिनिटं अशी गळून पडली होती.

सोपा उपाय होता, चित्र ताणून आवाजाएवढं करायचं. एका दुकानात हे असंच करून देतात हे मला माहीत होतं. पण गळालेली मिनिटं सगळीकडे सारखी गळालेली नव्हती. ताणलं असतं तर ओठ कुठेच जुळले नसते आणि नेट चांगलं असतानाही आत्या अंगात कणकण असल्यासारख्या सावकाश हलल्या असत्या.

इथे मला बेअर्डची तबकडी आठवली. त्याने वेळ वेगळी लिहिली नव्हती, ती फिरण्यात होती. या फाइलमध्ये फिरणारं असं काय आहे? आवाज. आवाज गोठत नाही. एएसीच्या एका तुकड्यात १,०२४ नमुने असतात, सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे एक तुकडा २३ मिलिसेकंदांचा, बोलणं असो की शांतता. आणि फोन लिहिताना सगळी चित्रं एकीकडे, सगळा आवाज दुसरीकडे असं लिहीत नाही. थोडी चित्रं, थोडा आवाज, पुन्हा चित्रं, असे गठ्ठे आलटून पालटून ठेवतो. या फाइलमध्ये आवाजाचा गठ्ठा साधारण सेकंदाचा होता. मग यादी नसली तरी क्रम आहे. ४१२व्या आणि ४१३व्या सेकंदाच्या आवाजामध्ये जर २९ चित्रं सापडली, तर ती त्या सेकंदातली. पुढच्या फटीत तीनच सापडली, तर त्या सेकंदात नेट अडकलं होतं. आत एकही नाही, तर चित्र तेव्हा पूर्ण थांबलं होतं.

हे मोजायला एक छोटा प्रोग्राम लिहिला, आणि प्रत्येक फटीतली चित्रं त्या त्या सेकंदात सारख्या अंतराने बसवली. चूक फार तर सेकंदाच्या आतली. ओठ अगदी तंतोतंत जुळत नाहीत, पण कुठलं वाक्य कुठल्या चेहऱ्याने म्हटलंय ते आता कळतं. यात माझी कुठलीही नवी शोधाशोध नाही. हे काम करणारे अनेक जण असंच करतात. मॅक्लीनने ओळी बसवल्या तशा आम्ही फ्रेम बसवतो.

हे सगळं टाळता येतं का? येतं, आणि उपाय जुनाच आहे: डिशवाल्यांसारखं थोडं थोडं लिहून पुरं करत जायचं. २००२मध्ये सुरू झालेलं मात्रोस्का, म्हणजे ज्याच्या फाइलीला आपण एमकेव्ही म्हणतो, ते वेळ मालाबरोबरच लिहीत जातं. एमपीफोरमध्येही तुकड्यातुकड्याने यादी लिहिण्याची सोय प्रमाणात कधीपासून आहे. कॉम्प्युटरवर स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्यांमध्ये लोकप्रिय असलेलं ओबीएस अनेक वर्षं फक्त इशारा द्यायचं, की एमपीफोर निवडाल आणि वीज जाईल तर फाइल हाती लागणार नाही. २०२४मध्ये त्याने मधला मार्ग आणला: चालू असताना तुकड्यांची यादी, नीट थांबवलं की शेवटी एकच नेहमीची यादी. क्विकटाइमच्या जन्मानंतर तेहतीस वर्षांनी. फोनच्या अ‍ॅपमध्ये असं काही निवडायला मिळत असेल तर निवडा. मिळत नसेल तर तासाभराचं एकच रेकॉर्डिंग करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांनी थांबवून पुन्हा सुरू करा. मध्ये दोन सेकंद जातील, तेवढे जाऊ द्या.

आत्यांच्या फाइलमध्ये एकविसाव्या मिनिटाला एक जागा आहे. नातू विचारतो, पुढची आठवत नाही का. आवाजात अकरा सेकंद काहीच नाही, पावसाचा पत्र्यावरचा आवाज फक्त. त्या अकरा सेकंदांच्या फटीत एकही चित्र सापडलं नाही. आधीच्या शेवटच्या चित्रात आत्यांचा हात अर्धा वर आहे, जात्याचा खुंटा धरावा तसा, आणि डोळे मिटलेले. नेट अडकलं होतं की त्या खरंच तशा बसून होत्या, ते फाइलमधून कळत नाही. मैत्रीण म्हणाली, मधे काहीतरी घालता येईल का, एखादा फोटो वगैरे. मग स्वतःच म्हणाली, नको. ते एक चित्र मी अकरा सेकंद तसंच धरून ठेवलं. त्यानंतर हात खाली येतो आणि ओवी सुरू होते.